पिवळा भुसा

झिपार आणि सुयुनबेक यांनी एकमेकांशी बोलणं टाकून तीन वर्षं झाली होती. बिश्केकच्या त्या प्रयोगशाळेत दोघांच्या खोल्या समोरासमोर, पण निरोप जायचे ते दारावर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांनी. त्याच्या मागच्या एका कामात झिपारने सहा महिने सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले होते. निबंध छापून आला, तर त्यात तिचं नावच नाही. जाब विचारला तेव्हा सुयुनबेक म्हणाला होता, "काचा काय, माझी सासूही बघेल."

आता पुन्हा त्याच्याच औषधाचं काम तिच्या गळ्यात पडलं. ज्येष्ठमधाच्या मुळातून त्याने सूज उतरवणारं एक द्रव्य काढलं होतं. बत्तीस उंदरांना पाण्यातून क्षार देऊन मोठ्या आतड्याचा दाह आणायचा आणि मग चार गट करायचे. एकाला नुसतं पाणी, एकाला दवाखान्यातलं नेहमीचं औषध, उरलेल्या दोघांना सुयुनबेकचं द्रव्य, थोडं आणि जास्त. कुठला गट कुठला, हे प्रमुख कालिपाबाईंच्या कुलपात. झिपारने रोज वजन करायचं, विष्ठेत रक्त दिसतं का पाहायचं आणि शेवटी काचांवर लावलेल्या आतड्यांच्या कापांना गुण द्यायचे. जखम जितकी जास्त, तितके गुण जास्त.

पाचव्या दिवशी एका पिंजऱ्यातला भुसा तिला पिवळाधमक दिसला. शेपट्याही पिवळसर. ज्येष्ठमधाचा रंग! जास्त मात्रेचे आठ उंदीर कुठले, हे तिला न विचारताच कळलं.

त्याच क्षणी जाऊन सांगायला हवं होतं. तिने नवा भुसा टाकला आणि गप्प राहिली.

महिन्याभराने बैठकीत कुलूप उघडलं. कालिपाबाईंनी आकडे वाचले. जास्त मात्रेवाल्यांची आतडी नुसत्या पाण्यावाल्यांपेक्षाही वाईट.

सुयुनबेक ताडकन उठला. "हिने मुद्दाम केलंय! माझ्यावरचा राग काढलाय उंदरांवर."

"तुमच्या सासूबाईंना बोलवा ना," झिपार म्हणाली. "त्यांना दिसेल चांगलं."

"पुरे दोघांचं!" कालिपाबाईंनी टेबलावर हात आपटला. "काचा ओश शहरातल्या प्रयोगशाळेत जातील. तिथल्या डॉक्टरांना ना हा माहीत, ना ही."

ओशहून उत्तर यायला अठरा दिवस लागले. तेवढ्यात झिपारने त्या आठ काचांचे फोटो कितीदा पाहिले, याला गणती नाही. एका जागी तिने व्रण लिहिला होता. तो व्रण होता, की काप करताना फाटलेली कड? तेव्हा तिला खात्री होती. आता छातीवर हात ठेवून सांगता येईना.

ओशच्या डॉक्टरांचे गुण तीन गटांत तिच्या गुणांशी जवळपास जुळले. चौथ्यात, जास्त मात्रेच्या गटात, मात्र तिचे सरासरी दोनने जास्त निघाले. औषधाने अपाय केला नव्हता, उपयोगही केला नव्हता.

"बघितलंत?" सुयुनबेक ओरडला.

झिपार उभी राहिली. "कालिपाताई, तो गट मला आधीच कळला होता. भुसा पिवळा झाला होता. मी सांगितलं नाही. मुद्दाम वाढवले नाहीत, पण डोळ्यांनी काय केलं ते मला माहीत नाही."



"माफी मागते आहे," सुयुनबेक इतरांकडे बघून म्हणाला.

"तुमची नाही," झिपार कालिपाबाईंकडे बघत म्हणाली. "यांची. आणि उंदरांची."

कालिपाबाईंनी तिच्याकडून काचा काढून घेतल्या. प्रयोग पहिल्यापासून नव्याने झाला. या वेळी सगळ्याच गटांना दिल्या जाणाऱ्या पाण्यात सारखाच पिवळा रंग घातला, आणि काचा थेट ओशला गेल्या. झिपारकडे राहिलं ते पिंजरे धुणं आणि वजन करणं. चार महिने तिने ते तोंडातून शब्द न काढता केलं.

निकाल तोच. ज्येष्ठमधाच्या द्रव्यात आणि नुसत्या पाण्यात काडीचा फरक नव्हता.

त्या दुपारी सुयुनबेकने तिला व्हरांड्यात गाठलं. तीन वर्षांत प्रथमच तो थेट तिच्याशी बोलला.

"झालं समाधान?"

झिपारच्या हातात ओले पिंजरे होते. खोटं बोलण्यात आता अर्थ नव्हता.

"हो," ती म्हणाली. "झालं."

तो बाजूला झाला नाही. तीच भिंतीला घासून पुढे गेली.