माझ्या ब्रेकवरचा आळ

मी एक जुनी, दोघांनी मिळून चालवायची सायकल आहे, मित्रांनो. माझ्या अंगावर सीट दोन, हँडल दोन, पेडलच्या जोड्या दोन. चाके मात्र दोनच. लहान मुले मला पाहून हमखास विचारतात, "माणसं दोन, मग चाकं चार का नाहीत?" याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. समुद्रकाठच्या एका शहरात, बंदराच्या मागच्या रस्त्यावर, एका सायकल मिस्त्रीने मला दोन मोडक्या सायकलींतून घडवले. माझा पुढचा भाग एका पोस्टमनच्या सायकलचा. तिचे मागचे चाक ट्रकखाली गेले होते. मागचा भाग एका शिक्षिकेच्या सायकलचा. तिचा पुढचा सांगाडा खाऱ्या वाऱ्याने गंजून गेला होता. मिस्त्रीने तीन दिवस खपून दोघींना जोडले आणि पहिली फेरी आपल्या बायकोला घेऊन मारली. पहिल्याच कोपऱ्यावर मी दोघांना आपटले. "सायकल केली आहेस की सापळा?" ती कपडे झटकत म्हणाली. मिस्त्रीने मुकाट्याने माझा मधला दांडा कापून चार बोटे आखूड केला. तेव्हापासून मी सरळ चालते.

माझ्यावर बसण्याची एक रीत आहे. पुढचे हँडल वळते आणि दोन्ही ब्रेक तिथेच आहेत. मागचे हँडल नुसते धरण्यासाठी. मागे बसणाऱ्याने पेडल मारायचे आणि पुढच्यावर भरवसा ठेवायचा. मागच्याला समोर दिसते ती फक्त पाठ.

पुष्कळ वर्षे मी सुट्टीवर आलेल्या लोकांना शहर दाखवले. नवी जोडपी आली, आजोबा आणि नाती आल्या. एकदा दोन सख्खे भाऊ वाटेतच भांडले, दोन दिशांना चालते झाले आणि मी दिवसभर एका झाडाला टेकून उभी राहिले. लोक माझ्यासोबत फोटो काढत. माझी घंटा वाजवण्यासाठी मुले रांग लावत.

मग दुकानात बॅटरीवर चालणाऱ्या स्कूटर आल्या. त्यांना पाय मारावे लागत नाहीत. मिस्त्री वारला होता आणि दुकान त्याची मुलगी बघत होती. सगळे तिला ताई म्हणत. ताई कामाला चोख आणि स्वभावाने कडक. तिने मला मागच्या भिंतीशी नेऊन ठेवले. माझ्या सीटवर हवा भरायचा पंप आणि जुन्या ट्यूबा येऊन पडल्या. मी तक्रार करत नाही; जागा कोणालातरी द्यावीच लागते. पण एक दिवस ती शेजाऱ्याला म्हणाली, "बाबांनी केलेली आहे म्हणून जीव गुंततो. पण यंदा हिची एक जरी तक्रार आली, तरी भंगारात देणार. उगाच कोणाचा हातपाय मोडायला नको." त्या दिवसापासून मी जरा जपूनच उभी राहत असे.

त्या उन्हाळ्यात, सकाळी दहाच्या सुमारास, एक जोडपे दुकानात आले. दोघेही पन्नाशी ओलांडलेले. गृहस्थ बसचे ड्रायव्हर होते, बाई घरी शिवणकाम करत. मी त्यांना मनातल्या मनात काका आणि काकू म्हणू लागले. लग्नाला तीस वर्षे झाली, पण दोघांनीच अशी सुट्टी काढण्याची ही पहिलीच वेळ. लेकीने आग्रहाने पाठवले होते आणि सोबत एक यादीही दिली होती: बंदर, मासळीबाजार, दीपगृह, शंखांचे संग्रहालय.

काकूंची नजर स्कूटरवरून फिरत माझ्यावर येऊन थांबली. "अहो, ही घेऊ या. तुम्ही आयुष्यभर गाडी चालवलीत, मी घरात मशीन चालवली. एकत्र असं काही चालवलंच नाही."

ताईने माझ्यावरचा पसारा उतरवला, साखळीला तेल घातले आणि ब्रेक दाबून पाहिले. तरीही काकांनी माझ्या चाकांना बुटाने टोला दिला, दोन्ही ब्रेक स्वतः दाबले आणि मला पुढे-मागे ढकलून पाहिले.

"बघितलेत मी आत्ताच," ताई म्हणाली.

"माझी गाडी मीच तपासतो, ताई. सव्वीस वर्षं बस चालवतोय. ब्रेक झकास आहेत."

काका अर्थातच पुढे बसले. सुरुवातीला आम्ही नागमोडी गेलो, मग लय सापडली. ऊन लख्ख होते. बंदरात रंगवलेल्या होड्या एकमेकींना घासत उभ्या होत्या. मासळीबाजारात काकूंनी इतक्या चौकशा केल्या की शेवटी विकणारीने विचारले, "घ्यायची आहे का मुलाखत आहे?" दीपगृहाच्या पायऱ्या काका एका दमात चढले आणि उतरताना त्यांचा खांदा दोनदा भिंतीला घासला. काकू हसून म्हणाल्या, "घरातही हेच. महिन्याभरात तीन वेळा चौकटीला धडकलात. लक्ष कुठं असतं?" काका भरभर माझ्याकडे आले.

दीपगृहाकडून शहरात परतताना एक अरुंद गल्ली लागते. दोन्ही बाजूंना पांढरी घरे. डाव्या हाताला एक रंगारी बुटक्या स्टुलावर बसून एका दाराचा खालचा भाग निळा रंगवत होता. तो मला दिसत होता, रस्त्यावरच्या कोणालाही दिसला असता. काकांचा हात ब्रेककडे जाईल म्हणून मी वाट पाहिली. तो गेलाच नाही. आम्ही सरळ स्टुलावर गेलो.

रंगारी एकीकडे, डबा दुसरीकडे, आणि आम्ही तिघे मधोमध. काकूंचा गुडघा सोलवटला. माझा दांडा निळा झाला. रंगारी कोपर चोळत उठला आणि ओरडला, "डोळे आहेत का बटणं? एवढा धडधडीत माणूस दिसत नाही?"

काकांचा चेहरा पडला. ते गुडघे झटकत उठले. मग म्हणाले, "ब्रेक लागला नाही हो. भंगार सायकल दिलीय त्या बाईनं."

मित्रांनो, माझ्यावर पाऊस पडला, ऊन पडले, माझ्यावरून माणसे पडली. त्याचे मला काही वाटले नाही. पण खोटा आळ त्या दिवशी पहिल्यांदा आला. माझ्या पाठीवर दुकानाचा फोन नंबर रंगवलेला आहे. रंगाऱ्याने तो वाचला आणि खिशातून फोन काढला. माझ्यापुरता विषय संपला होता.

काकूंनी रंगाऱ्याचे स्टूल उभे करून दिले, त्याची माफी मागितली आणि मला हाताने ढकलत समुद्राकाठच्या एका बाकापर्यंत आणले. काका मागून आले. वाटेत काकूंनी एकदा ब्रेक दाबला. मी जागच्या जागी थांबले. त्यांनी सोडला, पुन्हा दाबला. मी पुन्हा थांबले. मग त्या पुढे चालू लागल्या.

बाकावर त्या काकांच्या डाव्या बाजूला बसल्या. पिशवीतून संत्रे काढून सोलले आणि एक फोड काकांच्या कानाजवळून थोडी पुढे धरली. काका समुद्राकडे पाहत राहिले. काकूंनी हात मागे घेतला नाही. बराच वेळ गेला. शेवटी त्यांनी ती फोड काकांच्या मांडीवर ठेवली तेव्हा काका दचकले.

"आता पुढं मी बसते," काकू म्हणाल्या.

"तुला जमणार आहे का? ब्रेक..."

"ब्रेक चांगले आहेत. आणि तीस वर्षं पायाची मशीन चालवलीय मी. माझे पाय तुमच्यापेक्षा पक्के आहेत. बसा मागे."

सव्वीस वर्षे ज्या माणसाच्या पाठीमागे गाडीभर लोक बसले, तो माणूस मागे बसला. पहिली पाच मिनिटे त्यांनी काकूंना सुखाने जगू दिले नाही. "घंटा दे! वळणावर हात दाखव! अगं, खड्डा!" काकूंनी एकदाच सांगितले, "प्रवाशांनी चालकाशी बोलू नये." काकांना हसू आले आणि ते गप्प झाले.

पुढे किनाऱ्याचा लांब, सरळ रस्ता लागला. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे वाळत घातलेली जाळी. काका मागून बोलू लागले. समोर चेहरा नव्हता, फक्त पाठ होती. कदाचित म्हणूनच त्यांना ते जमले असावे.

"दोन महिन्यांपूर्वी डेपोत डोळे तपासले. काचबिंदू निघाला. डाव्या बाजूचं दिसणं कमी झालंय. दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळं कळलंच नाही. मला गाडीवरून काढलंय. चौकशीच्या खिडकीत बसतो मी."

काकूंचे पाय चालूच होते. "रोज सकाळी ड्रायव्हरचा गणवेश इस्त्री करून देते मी."

"हो."

"तो घालून तुम्ही खिडकीत बसता?"

"घालून जातो. तिथं बदलतो."

काकू पुढे पाहत म्हणाल्या, "असू दे. खिडकी तर खिडकी. औषध काय दिलंय?"

काकांचे पाय पेडलवर मंदावले. "थेंब दिलेत. रोज घालायचे, कायमचे. बाटली डेपोतल्या कपाटात आहे. घरी आणली असती तर तू विचारलं असतंस. तिथं सगळ्यांसमोर घालायला..."

"म्हणजे घातलेच नाहीत?"

"सुरुवातीला चारपाच दिवस घातले."

माझा ब्रेक इतक्या जोरात कोणी कधी दाबला नव्हता. काकू उतरल्या. त्या मागे वळल्या. "गाडी गेली त्याचं मला काही नाही. तुम्ही लपवलंत, तेही मी नंतर बघून घेईन. पण उरलेले डोळे असे फुकट घालवताय? कोणाला दाखवायला? खिडकीतल्या माणसाला बायको सोडून जाते का?"

काका मान खाली घालून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "रंगाऱ्याऐवजी एखादं पोर असतं तर?"

"तेच म्हणतेय मी."

डॉक्टरांची चिठ्ठी काकांच्या पाकिटात चौघडी घालून ठेवलेली होती. शंखांचे संग्रहालय यादीतच राहिले. आम्ही औषधाचे दुकान शोधत निघालो. पहिल्या दुकानात ते औषध नव्हते. दुसरे दुपारचे बंद होते, म्हणून आम्ही त्याच्या पायरीपाशी अर्धा तास थांबलो. दुकानदार आला, चिठ्ठी वाचली आणि चष्म्यावरून पाहत म्हणाला, "ही दोन महिन्यांपूर्वीची आहे. मग इतके दिवस?"

"इतके दिवस यांना लाज वाटत होती," काकू म्हणाल्या. "आता नाही वाटत."

दुकानदाराने थेंब कसे घालायचे ते दाखवले आणि घरी गेल्या गेल्या पुन्हा डोळे तपासून घ्यायला बजावले. काकूंनी हात धुतले, काकांना समुद्राच्या कठड्यावर बसवले आणि त्यांचे डोके मागे कलते केले. पहिला थेंब गालावर पडला.

"हलू नका हो! सुईत दोरा ओवताना माझा हात एवढा कापत नाही."

दुसरा थेंब बरोबर पडला. डोळे थोडा वेळ मिटून ठेवायचे होते. काका मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, "काय दिसतंय ते सांग तरी."

काकूंनी इकडेतिकडे पाहिले. "समुद्र आहे. निळा आहे. एक बाई छत्रीखाली घोरतेय. आणि तुमच्या शर्टाला निळा रंग लागलाय, तो निघणार नाही."

दोघेही हसले. मग काकूंनी स्वतःचे डोळे पुसले. त्यांच्या डोळ्यांत तर औषध घातलेले नव्हते.

परतताना आम्ही त्याच गल्लीतून गेलो. दाराचा रंग पुरा होत आला होता. काकांनी रंगाऱ्यासमोर उभे राहून सांगितले, "चूक माझी होती. मला डावीकडचं दिसत नाही." रंगारी ब्रश हातात धरून गोंधळला. "मी बटणं म्हणालो, ते रागात," तो म्हणाला. त्याने काकांना बसायला तेच स्टूल पुढे केले आणि काकूंच्या गुडघ्यावर बांधायला स्वच्छ फडके दिले.

दुकानापाशी ताई दारातच उभी होती. "मला फोन आला होता. लागलं का फार? माझंच चुकलं. ही गाडी मी आजच काढून टाकते."

काकू एक पाऊल मागे सरकल्या. हे सांगणे त्यांचे काम नव्हते. काका पुढे झाले.

"ताई, ब्रेक लागला नाही असं मी म्हणालो. खोटं बोललो. ब्रेक मी दाबलाच नाही. माझ्या डोळ्यांना काचबिंदू आहे आणि ते मी बायकोपासूनही लपवलं होतं. ही गाडी निर्दोष आहे. सकाळी मीच तपासली होती."

ताईने आधी त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. तिने दोन्ही ब्रेक दाबून मला जोरात ढकलले. मी जागची हलले नाही. ती म्हणाली, "काका, खरं सांगायला परत आलात. लोक तर सायकल बाहेर टाकून पळतात." तिने तिघांसाठी सरबत मागवले. मला तिने मागच्या भिंतीशी नेले नाही.

काही महिन्यांनी काकूंचे पत्र आले. ताईने ते मोठ्याने वाचले. डाव्या बाजूचे जे दिसणे गेले, ते परत येणार नाही असे डॉक्टर म्हणाले. पण उरलेले टिकून आहे. काका आता खिडकीतल्या साध्या कपड्यांतच घरून निघतात. त्यांना सगळ्या बसचे रस्ते तोंडपाठ, त्यामुळे त्यांच्या खिडकीपुढे नेहमी गर्दी असते. थेंब वेळेवर पडतात. अजूनही कधीकधी एखादा गालावर पडतो, आणि मग दोघांचे भांडण होते.

मित्रांनो, मी अजून धावते. तुम्हाला माझे एवढेच सांगणे आहे. मुक्या वस्तूवर दोष ढकलणे सोपे असते, कारण ती उलटून बोलत नाही. म्हणून तसे करू नका. वापरलेली वस्तू पुसून, तेल घालून जागेवर ठेवा. आणि घरातले मोठे माणूस सारखे कुठेतरी अडखळू लागले, तर नुसते हसून सोडून देऊ नका. मला तेल हवे असले की मी करकरते. माणसे करकरत नाहीत. त्यांना जवळ जाऊन विचारावे लागते.