घोणीची खोली

खोली मागितली होती स्वरूपानं, आणि मिळाली घोणीला.

बावड्यातल्या त्या घराच्या रस्त्याकडच्या अंगाला ही खोली. एक खिडकी, एक दार, आणि दार थेट रस्त्यावर उघडणारं. लग्न होऊन आल्यापासून स्वरूपाचा त्या दारावर डोळा होता. माहेरी कन्हेरीला असताना ती बारामतीला जाऊन शिवणकाम शिकली होती. तिचं मशीन अजून आईच्या घरी पोत्यात गुंडाळून पडलं होतं. "आबा, ती खोली द्या मला, चार बाया येतील कपडं शिवून घ्यायला," असं तिनं सासऱ्यांना, सोपानरावांना, किती वेळा म्हटलं असेल. आबांचं उत्तर ठरलेलं. "आन् ठिबकच्या नळ्या कुठं ठिवू? माझ्या डोक्यावर?" डाळिंबाच्या बागेची सगळी अडगळ त्या खोलीत होती. सासू शकुबाई म्हणायची, "बघू की गं पुढच्या साली." पुढचं साल यायचं, तसंच जायचं.

मग एका रविवारी तिचा नवरा रविराज पुण्याहून आला तो मांडीवर काचेची पेटी घेऊन. पेटीत ओलसर नारळाचा भुसा, झाडाची एक जाड साल, आणि त्या सालीखाली वीतभराहून लांब घोण. केशरी अंग, त्यावर काळे पट्टे, पाय इतके की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. दिवाळीनंतर कुणा मित्राकडून त्यानं ती हौसेनं घेतली होती. पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत ठेवली, घरमालकाच्या नजरेला पडली, आणि घरमालकानं 'हे तरी जाईल, नाहीतर तुम्ही' म्हणून सांगितलं.

"आठ दिवस ठेवतो हितं," रविराज म्हणाला. "हिला अंधारी, गार जागा लागती. ती रस्त्याकडची खोली बरी."

दुपारच्या भाकरी व्हायच्या आत आबांनी नळ्यांची भेंडोळी स्वतः उचलून गोठ्यात नेऊन टाकली. डोक्यावर ठेवायची वेळ काही आली नाही.

स्वरूपा तव्यापुढं उभी राहून खिडकीतून हे बघत होती. तव्यावरची भाकरी करपली. तिनं ती तशीच नवऱ्याच्या ताटात वाढली.

आठ दिवसांचे महिने झाले. रविराज पुण्यात कंपनीत, घोण बावड्यात, आणि दोघांच्या मधे स्वरूपा. भुशाची एक बाजू ओली ठेवायची, दुसरी कोरडी. पाण्याची वाटी रोज बदलायची. आठवड्यातून एकदा खायला घालायचं, तेही जिवंत. उरलेले पाय-पंख चिमट्यानं काढायचे, नाहीतर भुशाला बुरशी धरते. झाकणाला कडी घातल्याशिवाय पाठ फिरवायची नाही, कारण घोण चावली तर दवाखाना गाठावा लागेल. हे सगळं तो फोनवर सांगायचा, आणि सांगून झालं की विचारायचा, "खाल्लं का तिनं?"

"मी खाल्लं का ते इचारा की कवातरी," स्वरूपा एकदा म्हणाली.

"तुझं काय, तू घरात हायस," तो हसला.

तिनं फोन ठेवला आणि हातातला तांब्या मोरीत असा आपटला की शकुबाई देवघरातून उठून आली.

स्वरूपा गुरांसाठी लावलेल्या लसूणघासात वाकून नाकतोडे धरायची. मोरीच्या तोंडाशी बरणी आडवी ठेवून झुरळं पकडायची. रस्त्यानं जाणाऱ्या बाया थांबून विचारायच्या, "काय गं, काय सापडलं?" मग सगळ्या गावाला कळलं. कुणी तिला 'घोणवाली' म्हणू लागलं. शेजारची संजीवनी, जिच्याशी बोलून तिचा दिवस हलका व्हायचा, तीही उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना. शकुबाईला तर पहिल्या दिवसापासून धडकी भरलेली. "घोण दिसली की चपलेनं ठेचायची आसती, पाळायची आसती व्हय?" ती कुरकुरायची. पण लेकाचा फोन आला की म्हणायची, "हाय बाबा हाय, चांगली हाय तुझी घोण."

उन्हाळा चढला. एप्रिलमधे पत्रा दुपारभर तापायचा आणि रात्रभर निवायचा नाही. रविराजनं फोनवर सांगितलं की पेटी फार तापता कामा नये, म्हणून झोपायच्या खोलीतला कूलर रस्त्याकडच्या खोलीत लावा. आबांनी लावला. त्या रात्री स्वरूपा फरशीवर ओलं फडकं टाकून त्यावर आडवी झाली. भिंतीपलीकडं घोणीसाठी कूलर घरघरत होता. तिला रडू आलं नाही. तिच्या दातांखाली राग कचकचत होता, आणि तो गिळायलाही जमत नव्हता, थुंकायलाही.

तिच्या मनात आलं होतं, वाटीतलं पाणी बदलायचं नाही, बस्स. घोण आपोआप वाळून मरेल. एक दिवस तिनं खरंच बदललं नाही. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर घोण कोरड्या वाटीत डोकं घालून पडलेली. स्वरूपानं स्वतःलाच शिवी हासडली आणि वाटी भरली. जनावराचा काय दोष? तिला कुठं बावड्याला यायचं होतं?

जूनमधे घोणीनं खाणं सोडलं. नाकतोडा तिच्या अंगावरून चालत गेला तरी ती हलेना. स्वरूपानं काचेला डोळा लावून सालीखाली बघितलं. घोण वेटोळं करून बसली होती, आणि त्या वेटोळ्याच्या आत, सगळ्या पायांच्या ओंजळीत धरल्यासारखा, फिकट पिवळ्या अंड्यांचा पुंजका होता.

तिनं रविराजला फोन केला. तो आनंदानं ओरडलाच. "आगं, हात लावू नकोस! उजेड पाडू नकोस. त्या वक्ताला डिवचली तर घोण आपलीच अंडी खाती. आबांस्नी सांग, तितं ठोकाठोकी करू नका."

स्वरूपानं पेटीवर काळं फडकं टाकलं. आबांना दाराजवळ ट्रॅक्टर लावू दिला नाही. दिवसातून एकदा, फडक्याची कड उचलून, ती बघून यायची. घोण एकेक अंडं तोंडाशी नेऊन चाटायची आणि परत पुंजक्यात ठेवायची. एका संध्याकाळी शकुबाई तिच्या पाठीमागं येऊन उभी राहिली. नाकाला पदर लावून तिनं बराच वेळ बघितलं.

"खात न्हाय व्हय काय?"

"न्हाय आत्या. अंडी फुटून पिल्लं हिंडाय-फिराय लागंपतूर खात न्हाय म्हणं."

"आगं बया," शकुबाई म्हणाली, आणि मग घरात जाऊन आबांना म्हणाली की टीव्हीचा आवाज कमी करा.

शनिवारी दुपारी रविराज आला. बरोबर त्याचा मित्र ज्ञानेश, कॅमेरा घेऊन, आणि आणखी एक जण उभे दिवे घेऊन. कुणी चहा घेतला नाही. तिघं थेट रस्त्याकडच्या खोलीशी गेले. स्वरूपा पुढं होऊन दारात आडवी झाली.

"आत जायाचं न्हाय."

"सरक की. दोन मिन्टाचं काम हाय," रविराज म्हणाला. "अंड्यांवरची घोण, आसा व्हिडिओ कुणाकडं न्हाय. पुन्यातनं येवढ्यासाठी आलोय."

"तुमीच म्हणाला व्हता, उजेड पाडायचा न्हाय. डिवचली तर खाती म्हणून."

"एवढ्यानं काय व्हत न्हाय."

"व्हतंय. तुमाला ठावं हाय व्हतंय म्हणून."

ज्ञानेश हसला. "वैनी, जनावर त्याचं हाय ना?"

"आन् पाच महिनं खाऊ कुणी घातलं? तुमी?"

रविराजनं तिचा दंड धरून तिला बाजूला केलं. जोरात नाही, पण मित्रांसमोर केलं. दिवे लागले. खोली भर दुपारच्या उन्हासारखी उजळली. त्यानं झाकण उघडलं आणि लांब चिमट्यानं साल अलगद उचलली.

घोण एकदम सुटली. वेटोळं उलगडलं, पुन्हा आवळलं. डोकं इकडून तिकडं आपटलं. अंडी भुशात सांडली. मग ती थांबली, वळली, आणि खायला लागली.

"भारी! भारी!" ज्ञानेश म्हणाला. "हलू नको. आनखी जवळनं घेतो."

रविराजनं स्वरूपाकडं एकदा बघितलं आणि खांदे उडवले. "जाऊ दे गं. पुन्हा घालंल."

पुन्हा घालंल. तिच्या डोक्यात कुणीतरी विस्तव टाकावा तसं झालं. ती वाकली आणि तिनं दिव्यांची वायर बोर्डातून हिसडून काढली. खिडकीला पोतं बांधलेलं, त्यामुळं खोलीत काळोख झाला, आणि त्याच क्षणी तिघांनाही आठवलं की झाकण उघडं आहे. दिवेवाला आधी पळाला. ज्ञानेशचा कॅमेरा दाराच्या चौकटीवर आदळला. रविराज चिमटा टाकून अनवाणी अंगणात. स्वरूपा मात्र आत थांबली. दारातून येणाऱ्या तिरिपेत तिनं चिमटा शोधला, साल परत ठेवली, झाकण लावलं, कडी घातली.

बाहेर येताच रविराज तिच्यावर ओरडला, "येड लागलं काय तुला? चावली आसती म्हंजी?"

"मला कवाबी चावली नसती व्हय? तवा कुणी इचारलं?"

"सूनबाई," आबा ओसरीवरून म्हणाले, "एका किड्यापायी नवऱ्याला चार माणसांत बोलायचं न्हाय."

"किड्यापायी न्हाय आबा!" तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला, आणि तो जावा असंच तिला वाटत होतं. "तीन वर्सं मी खोली मागती. तवा जागा नव्हती. हिच्यासाठी एका सकाळी झाली. मी उकाड्यात निजली, कूलर हिला. म्हटलं, जाऊ दे, मुकं जनावर हाय. झुरळं धरली, गावाचं बोलणं खाल्लं. आन् ज्याची हौस, त्यानं तिचंबी वाटोळं केलं. का तर व्हिडिओ! वर म्हंत्यात पुन्हा घालंल!" ती रविराजकडं वळली. "उचला ती पेटी. आत्ताच्या आत्ता उचला, न्हायतर मी कन्हेरीला जाती आन् मग तुमी तिघं मिळून नाकतोडं धरा."

"पुन्यात कुठं ठिवू तिला?"

"मला काय इचारता?"

रविराजनं आईकडं बघितलं. आई नेहमीच त्याच्या बाजूची. शकुबाई मात्र दारातल्या अंधाराकडं बघत उभी होती.

"सगळी खाल्ली काय गं?" तिनं सुनेला विचारलं.

"सगळी आत्या."

शकुबाईनं पदर खोचला. "रव्या, उचल."

"आगं आये..."

"उचल म्हंती न्हवं! येवढं दीस उपाशी बसली व्हती ती. मी माझ्या डोळ्यानं बघितलीया. तुला लाज कशी वाटत न्हाय?"

रविराजनं पेटी उचलली. गाडीत ती मांडीवर घ्यायला ज्ञानेश तयार होईना, दिवेवालाही नाही. शेवटी ज्ञानेशनं गाडी चालवली, रविराज मागं पेटी धरून बसला, आणि दिवेवाला आपलं सामान घेऊन एसटीला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा गोठ्यातून नळ्यांचं भेंडोळं घेऊन निघालेले दिसले. स्वरूपा खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. आबांनी तिच्याकडं बघितलं, खाकरले, आणि भेंडोळं घेऊन परत वळले. त्याच आठवड्यात तिचा भाऊ कन्हेरीहून मशीन घेऊन आला.

रविराजचा फोन बुधवारी आला. "ती खात न्हाय," तो म्हणाला. आवाज पडलेला होता. "काय करू?"

स्वरूपाला वाटलं, फोन भिंतीवर फोडावा. तरी ती बोलली. "पाणी ठिवा. अंधार करा. भूक लागली की खाईल. आन् हात लावू नका."

"तू अजून रागातच हायस?"

"व्हय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून संजीवनी आली. ब्लाउजचं कापड छातीशी धरून ती बाहेर रस्त्यावरच उभी राहिली आणि खोलीचे चारी कोपरे डोळ्यांनी तपासू लागली.

"गेली न्हवं नक्की?"

"गेली."

"आन् पिल्लं? शकूकाकी म्हंत व्हत्या, अंडी घातल्याली."

स्वरूपानं टेप गळ्यात टाकला.

"न्हाय झाली," ती म्हणाली. "आत ये. हात वर कर."