सिंधूचं गाठोडं

सून रुचिकाला दुसरा महिना. सकाळी तिच्या कपड्यावर तपकिरी डाग दिसले आणि माझं तोंड सुटलं. "सांगतलं होतं ना, स्कुटी चालवू नको! कोणाचं ऐकशीन तं खरी!" ती रडतच वर्ध्याला दवाखान्यात आली.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. बाळाचे ठोके छान होते. तरी मी स्कुटीचं सांगितलंच.

"पहिल्या तीन महिन्यांत असे थोडे डाग पुष्कळ जणींना दिसतात. तपासायला आलात, बरं केलं. जास्त रक्त गेलं, पोटात दुखलं, तर लगेच या. आणि स्कुटीला दोष देऊ नका. गर्भ पडला तरी बहुतेक वेळा त्याची वाढच मुळात नीट झालेली नसते. रोजच्या कामानं तो पडत नाही."

बावीस वर्षांपूर्वी माझी धाकटी जाऊ सिंधू हिचा गर्भ पडला, तेव्हा मीच गावभर सांगितलं होतं, की कापसाचं गाठोडं डोक्यावर घेतलं म्हणून पडला. तिला पुन्हा मूल झालं नाही. बायका अजून तेच बोलतात.

परतताना रुचिकाला घेऊनच आंजी गावी सिंधूकडे गेले. डॉक्टरीणबाईंचं बोलणं सांगितलं. "तुह्या गाठोड्यानं काई झालं नव्हतं व. माह्यंच चुकलं."

तिनं चहाचं आधण ठेवलं.

"तुमच्या मनाले लागन म्हणून मी कोणापाशी बोलली नाई," ती म्हणाली. "कापसाचं गाठोडं एकटीनं डोक्यावर घेता येते का, बाई? त्या दिवशी तुम्हीच देल्लं होतं उचलून."