चांदीच्या बाईचा गाल

खरा न्याय डोळ्यांवर पट्टी बांधून होत नाही. तो डोळे उघडे ठेवून, भिंग लावून आणि समोरच्याचं नाव न विचारता होतो. आणि असा न्याय या पृथ्वीवर फक्त आपल्या कंपनीच्या दुसऱ्या मजल्यावर मिळतो, असं पारख्याचं ठाम मत होतं. हे मत त्याने ज्या रविवारी जेवणाच्या टेबलावर मांडलं, त्याच रविवारी त्याने सासूबाईंच्या फ्लॉवरच्या रस्साभाजीला 'अप्रतिम' अशी ग्रेड दिली होती आणि ताटातली उरलेली भाजी कागदी रुमालात गुंडाळून खिशात घातली होती.

पारख्याचं काम एका वाक्यात सांगता येण्यासारखं होतं, म्हणून तो ते अर्धा तास सांगायचा. लोक आपापले जुने चांदीचे डॉलर कंपनीकडे पाठवतात. डॉलरच्या एका बाजूला बाईचा चेहरा, दुसऱ्या बाजूला गरुड. पारखी दिव्याखाली डॉलर कडेने धरतो, तिरका करतो, झळाळी चाकाच्या आऱ्यांसारखी गोल फिरते का ते बघतो. बाईच्या कानावरचे केस झिजलेत का, गरुडाच्या छातीवरची पिसं शाबूत आहेत का, आणि मुख्य म्हणजे बाईच्या गालावर ओरखडे किती, हे सगळं बघून सत्तरपैकी एक आकडा देतो. सत्तर म्हणजे देवाने स्वतः हात धुऊन पाडलेलं नाणं. साठ किंवा त्याच्या वर म्हणजे कुणाच्या खिशात कधी न गेलेलं. मग ते नाणं प्लास्टिकच्या डबीत बंद होतं, डबीवर आकडा छापला जातो, आणि त्यानंतर त्या नाण्याकडे कुणी बघत नाही. सगळे आकडा बघतात.

"म्हणजे दिवसभर परक्या बाईच्या गालाला भिंग लावून बसायचं," सासूबाई म्हणाल्या.

"आई, ती बाई शंभर वर्षांपूर्वीची आहे."

"असू दे की. तिच्या गालावरची रेघ दिसते तुम्हाला. माझ्या पोरीने केस कापून आठवडा झाला, त्याचा पत्ता नाही."

पारख्याने बायकोकडे पाहिलं. केस खरंच कापलेले होते.

"छान दिसतायत," तो म्हणाला.

"आज जरा वाढलेत," बायको म्हणाली.

विषय बदलला तो सोन्याने. सोन्या म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, आईबरोबर याच घरात राहणारा. वय एकेचाळीस, नोकरी विम्याची, लग्न व्हायचं होतं आणि या वेळी ते होईल अशी लक्षणं होती. दाढ दुखते म्हणून तो एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला होता. दाढ केव्हाच बरी झाली, पण जाणं थांबलं नव्हतं. अडचण एवढीच, की बाईंचे वडील त्याच्याशी बोलत नव्हते.

"पण त्यांना जुन्या वस्तू जमवायचा नाद आहे, भाऊजी," सोन्या म्हणाला. "मी म्हटलं, माझ्याकडे आजोबांचा चांदीचा डॉलर आहे. तर ते 'हं' म्हणाले."

"'हं' म्हणजे काय?" ताईने, म्हणजे पारख्याच्या बायकोने, विचारलं.

"हं म्हणजे हो. दुसरं काय?"

त्याने शर्टाच्या खिशातून डॉलर काढून पुढे केला. पारख्याने कागदी रुमालाच्या खिशातला हात बाहेर काढला, डॉलर शास्त्राप्रमाणे कडेने धरला आणि टेबलावरच्या दिव्याखाली तिरका केला. बाईच्या डोळ्याखाली, गालाच्या ऐन मध्यावर, स्वल्पविरामासारखा एक बाकदार ओरखडा होता. भिंग ऑफिसात होतं, पण अशा वेळी भिंग मागणं त्याला कमीपणाचं वाटलं.

"चौसष्ट," तो म्हणाला.

"पासष्ट नाही? पासष्ट म्हटलं की ऐकायला बरं वाटतं हो."

"पासष्टला गाल स्वच्छ लागतो."

"एवढ्याशा रेघेसाठी एक मार्क कापता?" सासूबाई म्हणाल्या. "शाळामास्तर बरे."

पारख्याने समजावून सांगितलं, की टांकसाळीत हे डॉलर पोत्यात भरायचे. पोती गाडीत फेकायची. एकीच्या कडेचा दणका दुसरीच्या गालाला. निम्म्या बायकांच्या गालावर हा असाच ओरखडा सापडेल.

"एकत्र राहिलं की होतंच," सासूबाई म्हणाल्या.

सोन्या म्हणाला, की तो डॉलर रीतसर कंपनीकडेच पाठवणार आहे, आणि मग तो भाऊजींच्याच टेबलावर येईल, नाही का? त्यावर पारखी उभा राहिला. नाणी त्याच्यापुढे नावाशिवाय येत, त्याला हे कळणंसुद्धा पाप होतं.

"आजपासून या घरात त्या डॉलरचा विषय नाही," त्याने जाहीर केलं. "पाठवला, नाही पाठवला, आला, गेला, माझ्या कानावर काही येता कामा नये."

"मेला तरी सांगायचं नाही?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

"बरं," त्या म्हणाल्या आणि ताटं उचलायला लागल्या.

पारख्याला निष्पक्ष राहण्याचं आणखी एक कारण होतं. कंपनीतले मुख्य पारखी, ज्यांना सगळे थोरले साहेब म्हणत, निवृत्त होत होते. त्यांची खोली कोपऱ्यातली. बाकीचे पारखी काळ्या पडद्यांच्या कोनाड्यांत एकेका दिव्याखाली बसायचे. थोरल्या साहेबांना खिडकी होती. त्या खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसायची, पण दिसायची. पारख्याला ती टाकी फार वर्षांपासून हवी होती. खुर्चीवर ठेवायला त्याने मऊ हिरवी उशीसुद्धा आणून कपाटात लपवली होती, आणि बायकोला ती सापडली तरी तिने काही विचारलं नव्हतं.

थोरल्या साहेबांनी जाताना परीक्षा लावली. येत्या काही दिवसांत एक नाणं सगळ्यांसमोर दोनदा फिरेल. कुठलं ते सांगणार नाही. दोन्ही वेळा ज्याचा आकडा तोच, खुर्ची त्याची.

प्रतिस्पर्धी एकच होता, पलीकडच्या कोनाड्यातला. त्याचं नाव ऑफिसात सगळे विसरले होते, त्याला त्रेसष्ट म्हणत, कारण तो प्रत्येक डॉलरला त्रेसष्ट द्यायचा. त्याच्यापुढे कोटाचं बटण ठेवलं असतं तर त्यालाही त्रेसष्ट मिळाले असते.

पारखी कामाला लागला. प्रत्येक नाण्याकडे तो सापळ्याकडे बघावं तसा बघू लागला. एका डॉलरच्या कडेला निळसर झाक होती, त्याच्यावर त्याचा विशेष संशय बसला; तो परत येईल म्हणून त्याचा आकडा तो आंघोळ करतानाही घोकत होता. आणि अशात आठवडाभराने, सोमवारी, त्याच्या पुढ्यात ती बाई आली. डोळ्याखाली, गालाच्या मध्यावर, स्वल्पविराम.

त्याने तिला लगेच ओळखलं. माणसांचे चेहरे त्याच्या लक्षात राहत नसत. बायकोच्या मावशीला तो दर वेळी नव्याने भेटायचा. पण डॉलरवरचा चेहरा एकदा पाहिला की पाहिला. हा मेहुण्याचा डॉलर. त्याने श्वास घेतला, घरदार, नातीगोती बाजूला ठेवली आणि आकडा टाकला. चौसष्ट. संध्याकाळी तो घरी चालत गेला, कारण एवढा निष्पक्ष माणूस बसमधे मावला नसता.

घरी सासूबाईंनी चहा दिला. चहात साखर नव्हती.

पारखी समजला. निकाल फोनवरून घरी पोचला होता. बायको खिडकीशी बसून बाहेर बघत होती, आणि तो आल्यावरही बघतच राहिली. सोन्या आला तो गालावर हात ठेवून, न बोलता कोचावर आडवा झाला. कुणी डॉलरचं नाव काढलं नाही. नियमच होता. पारख्याला वाटत होतं की कुणीतरी एकदा भांडावं, टोमणा मारावा, म्हणजे तो तत्त्वावर बोलू शकेल. पण घरात इतकी शिस्त होती की दुसऱ्या दिवशीही चहा बिनसाखरेचाच आला, तिसऱ्या दिवशीही, आणि सासूबाई तो ठेवताना म्हणाल्या, "प्या. कसा झालाय ते तुम्हाला कळतंच."

गुरुवारी स्वल्पविराम परत आला.

पारख्याला आश्चर्य वाटलं नाही. हा धंद्यातला जुना प्रकार होता: आकडा आवडला नाही की लोक डबी फोडतात आणि तेच नाणं पुन्हा पाठवतात, या वेळी तरी पारख्याचा मूड बरा असेल म्हणून. सोन्याने काउंटरवरून डबी नेऊन लगेच फोडली होती. ही परीक्षा असेल असा विचार त्याच्या मनात क्षणभर आला आणि गेला. परीक्षेचं नाणं अनोळखी असणार, हिला तर तो घरून ओळखत होता.

त्याने दिवा जवळ ओढला. झळाळी छान फिरत होती. केस उत्तम. गरुडाच्या छातीबद्दल तक्रार नव्हती. आणि ओरखडा तरी केवढा? अशा कोनातून धरला तर दिसत होता, तशा कोनातून धरला तर दिसत नव्हता. तशा कोनातून धरू नये असं कुठे लिहिलेलं आहे? आकडा चौसष्टच होता, त्याला मनातून माहीत होतं. पण चौसष्ट आणि पासष्ट यांच्या मधे थोडी जागा असते, आणि त्या जागेत सासूबाई बसल्या होत्या.

त्याने पासष्ट टाकले.

शुक्रवारी थोरल्या साहेबांनी खोलीत बोलावलं. खिडकीतून टाकी स्वच्छ दिसत होती.

"सोमवारी चौसष्ट," ते कागद बघत म्हणाले. "गुरुवारी पासष्ट. मधल्या काळात बाईचा गाल भरून आला का?"

पारख्याला आधी कळलं नाही. मग कळलं.

"दिवा जरा कमी-जास्त..."

"दिवा कंपनीचा आहे. तो कमी-जास्त होत नाही."

पारख्यापुढे दोनच उत्तरं होती. आपली नजर डळमळीत आहे, किंवा आपण ते नाणं मेहुण्याचं समजून त्याला एक आकडा वाढवून दिला. पहिल्या उत्तराने खुर्ची जात होती, दुसऱ्याने नोकरी. तो खाली बघत म्हणाला, "हल्ली डोळे थकतात."

"डॉक्टरांना दाखवा."

"त्रेसष्टने काय दिले, साहेब?"

"त्रेसष्ट. दोन्ही वेळा."

"साहेब, तो सगळ्यांनाच त्रेसष्ट देतो."

"हो," थोरले साहेब म्हणाले. "त्याच्यावर विसंबता येतं."

पारखी घरी आला तेव्हा तिघंही टेबलाशी होते. त्याने कपाटातून हिरवी उशी काढली आणि सासूबाईंच्या खुर्चीवर ठेवली. मग स्वतःच आपला नियम मोडला.

"सोन्या, तुझ्या डॉलरला पासष्ट दिले. माझी खिडकी गेली त्यात. पण आता या घरात कुणी गाल फुगवून बसू नका."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"कुठला डॉलर, भाऊजी?" सोन्या म्हणाला. "मी पाठवलाच नाही."

"पाठवला नाहीस?"

"नाही. तिचे वडील पोस्टाची तिकिटं जमवतात. नंतर कळलं. डॉलर माझ्या मोज्यांच्या खणात आहे."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"मेला तरी सांगायचं नाही म्हणालात," सासूबाई उशी चाचपत म्हणाल्या.

"आणि कोचावर गालावर हात ठेवून पडला होतास, ते?"

"दाढ. तिने दुसरी काढली."

"आणि तू?" त्याने बायकोकडे वळून विचारलं. "खिडकीतून बाहेर बघत बसली होतीस."

"तुम्ही साखर घेऊन येताय का ते बघत होते. संपली म्हणून सोमवारी सकाळीच सांगितलं होतं. तुम्ही काहीतरी आकडे पुटपुटत 'हं' म्हणालात."

सोन्याने आतून डॉलर आणला. पारखी या वेळी भिंग बरोबर घेऊन आला होता. ते डोळ्याला लावून तो बराच वेळ गालाकडे बघतच राहिला, तेव्हा सासूबाईंनी डॉलर त्याच्या हातातून घेतला, अंगठ्याला थुंकी लावली आणि बाईचा गाल पुसला. ओरखडा निघून आला. ती फ्लॉवरची भाजी होती.