फलकमुक्त शहर, प्रथम पारितोषिक

धुळ्याच्या एका ‘शहर सौंदर्य समिती’ने पोस्टर स्पर्धा जाहीर केली. विषय होता ‘फलकमुक्त शहर’. नियम सात होते आणि सहावा असा होता, की पहिल्या आलेल्या पोस्टरचे दहा बाय आठ फुटांचे शंभर फ्लेक्स शहरातल्या चौकाचौकांत लावले जातील.

जळगावच्या डिझाईन कॉलेजात हे पत्रक वाचून दाखवलं, तेव्हा वर्गात एकटी मोहिनी हसली. ग्राफिक डिझाईनच्या शेवटच्या वर्षाला होती ती. घर रावेरकडचं, केळीच्या बागा असलेलं. जितेंद्र सरांनी चष्म्यावरून पाहिलं.

“हसण्यासारखं काय आहे? राज्यस्तरीय स्पर्धा आहे. प्रमाणपत्राला वजन असतं.”

विषय मात्र मोहिनीच्या डोक्यात शिरला होता, कारण त्याच्याशी तिचा घरचा संबंध होता. आदल्या वर्षी धुळ्यात मामेभावाच्या लग्नात तिची आई, सुनंदाबाई, मंगल कार्यालयाच्या पायरीवरून घसरली आणि मनगट मोडून बसली. गाडी दवाखान्याकडे निघाली. चौकात दवाखान्याची निळी पाटी होती खरी, पण तिच्यावर कोणाच्या तरी वाढदिवसाचा पिवळा फ्लेक्स ताणून बांधलेला. गाडीने त्याच चौकाला तीन फेऱ्या मारल्या. सुनंदाबाईंचं मनगट पुढे बरं झालं, पण त्या फ्लेक्सवरच्या शुभेच्छुकांची नावं त्या अजून क्रमाने सांगतात.

मोहिनीने तेवढंच काढलं. सगळा कागद पिवळा, कोरा. उजव्या कडेला, पिवळ्याखालून निसटून बाहेर आल्यासारखी, निळ्या पाटीची एक चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर दोनच अक्षरं: ‘लय’. शेजारी अर्धा बाण. बस्स. बघणाऱ्याला आधी काही कळत नाही, आणि मग ‘रुग्णालय’ कळतं. सुट्टीत घरी गेल्यावर तिने आईला ते मोबाइलवर दाखवलं. सुनंदाबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि नकळत आपलं मनगट चोळू लागल्या.

“मले कळलं वं,” त्या म्हणाल्या. “पन त्या वाढदिवसवाल्या पोराचा फोटो कुठी गेला?”

मोहिनीला तिथेच बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं.

जितेंद्र सरांनाही कल्पना आवडली. त्यांना ती इतकी आवडली, की तिला हात लावल्याशिवाय त्यांना राहवेना.

“उत्तम. आता ही रिफाइन करू. ही रिकामी जागा फार आहे.”

“सर, रिकाम्या जागेवर तुम्हीच चार तास शिकवलं होतं.”

“ते परीक्षेसाठी. परीक्षकांना वाटेल, फाइल नीट उघडली नाही.”

मग पिवळ्यात एक रुग्णवाहिका आली. रुग्णवाहिका आली म्हणून रस्ता आला, आणि रस्ता सुना दिसतो म्हणून स्ट्रेचरवरची एक आजी. सरांनी आजीच्या डोळ्यांत अश्रू सुचवला, आणि तो लांबून दिसत नाही म्हणून मोठा करायला लावला. पोस्टर प्राचार्यांकडे गेलं. त्यांना आजी फार आवडली. फक्त मागे आपल्या कॉलेजची इमारत दिसली तर बरं, म्हणाले. धुळ्यातल्या रस्त्यावर जळगावची इमारत कशी, असं मोहिनीने विचारलं. “ते प्रतीकात्मक आहे,” जितेंद्र सर प्राचार्यांच्या आधी म्हणाले.

मोहिनी प्रत्येक फाइलला शेवटी हात लावणाऱ्याचं नाव द्यायची. ‘मोहिनी’, ‘मोहिनी-सर’, ‘मोहिनी-सर-तीन’, ‘मोहिनी-प्राचार्य’. अकराव्या फाइलपर्यंत नावातलं ‘मोहिनी’ तिने टंकायचंच सोडून दिलं. खरं सांगायचं तर तिला भांडताही आलं असतं. पण सर मनापासून झटत होते, स्वतःचा जेवणाचा डबा तसाच ठेवून तिच्या स्क्रीनसमोर बसत होते. अशा माणसाला नको कसं म्हणायचं, हे कुठल्याच सेमिस्टरला नव्हतं.

पोस्टर अंतिम दहांत आलं. मग पोस्टरवर आणखी काय काय हवं, याचं समितीचं पत्र आलं. अध्यक्ष जीवरामनाना यांचा फोटो वर डावीकडे, प्रमुख पाहुण्यांचा उजवीकडे, कार्यकारिणीच्या पंधरा जणांचे खाली गोलात. प्रायोजकांसाठी एक पट्टी. उरलेल्या जागेत स्पर्धकाची कलाकृती, आणि कोपऱ्यात स्पर्धकाचाही पासपोर्ट आकाराचा फोटो. ‘कलेचा सन्मान व्हावा, हाच हेतू,’ असं पत्राच्या शेवटी होतं.

निळी पाटी आता पंधरा गोलांपैकी चौदाव्याच्या कानाखाली गेली होती. पोस्टर पहिलं आलं.

बक्षीस समारंभात जीवरामनानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. नाना मनाने मोकळे होते आणि फलकांचा त्यांना खरंच तिटकारा होता, विशेषतः विरोधी गटाच्या. “ह्या पोरीने आपले डोळे उघडले,” ते माइकवर म्हणाले, “उद्यापासून शहरात जिकडे पाहाल तिकडे हेच दिसेल!” टाळ्या झाल्या. ट्रॉफी इतकी उंच होती, की रात्रीच्या भरलेल्या एसटीत तिच्यासाठी वेगळी सीट धरावी लागली असती; म्हणून मोहिनी त्या रात्री मामाकडेच राहिली.

सकाळी स्टँडकडे निघाली तर नाना म्हणाले तसंच होतं. विजेच्या खांबांवर, झाडांना, शाळेच्या कुंपणावर स्ट्रेचरवरची आजी रडत होती. आणि दवाखान्याच्या चौकात तर चारही कोपरे ताणून, नायलॉनच्या दोऱ्यांनी, फ्लेक्स थेट निळ्या पाटीवरच बांधलेला. पाटीचं एक अक्षरही बाहेर राहिलं नव्हतं.

तिने तिथूनच नानांना फोन लावला.

“ती जागा? अगं, शहरातली एक नंबरची जागा आहे ती! मी स्वतः सांगून ठेवली तुझ्यासाठी.”

“नाना, खाली दवाखान्याची पाटी आहे.”

“असू दे की. दवाखाना कुठे पळून चाललाय?”

फोन ठेवला तेव्हा एक रिक्षा चौकाला दुसरी फेरी मारत होती. मागे एक बाई पदरात लेकरू घेऊन बसलेली. फ्लेक्सखालीच पेरूची लोटगाडी होती. गाडीवाल्या प्रमिलाबाईंनी रिक्षाला हाताने रस्ता दाखवला आणि सकाळपासून हेच करून वैतागल्यासारख्या मोहिनीकडे वळल्या. “सकायथून बठ्ठासले दवाखाना मीच दखाडस. पेरू कव्हय इकू?”

मोहिनीने ट्रॉफी गाडीवर पेरूंमध्ये ठेवली.

“मावशी, तुमची सुरी द्या. आणि गाडीवर चढू देता का?”

प्रमिलाबाईंनी एकदा फ्लेक्सकडे पाहिलं, एकदा तिच्या चपलांकडे. “चपला काढीसन चढ,” म्हणाल्या, आणि दोन्ही चाकांखाली दगड लावले.

दोन दोऱ्या कापून झाल्या आणि शिट्टी वाजली. हवालदार धावतच आला.

“ए! उतर खाली. कोणाचा फ्लेक्स कापतेस?”

“माझा.”

“तुझा म्हणजे?”

“माझं पोस्टर आहे. पहिलं आलंय.”

हवालदाराचा विश्वास बसेना. लोंबकळणारा फ्लेक्स त्याने हाताने सरळ केला आणि अठरा चेहरे एकेक करून तपासू लागला. अठरावा, अगदी कोपऱ्यातला, तिचा निघाला. त्याने वर पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

“फोटोत केस बांधलेले आहेत,” तो म्हणाला.

मोहिनीने गाडीवर उभ्यानेच केस बांधून दाखवले.

आता हवालदार पेचात पडला. दुसऱ्याचा फ्लेक्स फाडला तर काय करायचं ते त्याला माहीत होतं; स्वतःचाच काढणारं माणूस त्याच्या नोकरीत पहिलंच. तेवढ्यात खालून निळी पाटी बाहेर आली. “अरे, इथे पाटी आहे होय?” तो म्हणाला, आणि तिसरी दोरी त्याने स्वतः ओढून धरली, नीट कापता यावी म्हणून.

मोहिनी जळगावला पोचायच्या आत बातमी पोचली होती. समितीने फोनवरूनच तिच्याकडे लेखी खुलासा मागवला होता. प्राचार्य खोलीत येरझाऱ्या घालत होते, आणि जितेंद्र सर लाल पेन घेऊन दारातच उभे होते.

“काही लिहू नकोस अजून. आधी कच्चा मसुदा कर, मी बघतो, मग प्राचार्य बघतील. शब्द मऊ हवेत. दिलगिरी वर आली पाहिजे.”

“सर, दिला.”

“काय दिलास?”

“खुलासा. एसटीतच लिहिला. स्टँडवरून कुरिअर केला.”

“कुणाला न दाखवता?” सर एवढ्या हळू आवाजात कधी बोलले नव्हते. “काय लिहिलंस?”

मोहिनीने मोबाइलमध्ये काढलेला फोटो पुढे केला. वहीच्या फाडलेल्या पानावर तीन वाक्यं होती. ‘समितीचा विषय फलकमुक्त शहर हा होता. त्यानुसार एक फलक मी काढला आहे. उरलेले नव्याण्णव समितीने काढावेत, ही विनंती.’ खाली सही, आणि पानभर मोकळी जागा.

सरांनी दोनदा वाचलं. लाल पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

“ह्यात मार्गदर्शक म्हणून माझं नाव नाही ना टाकलंस?”

“नाही, सर.”

सरांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. मग फोटो बोटांनी मोठा करून ते पुन्हा वाचू लागले; सहीखाली, जिथे एरवी मार्गदर्शकाचं नाव येतं, तिथे त्यांचं बोट थांबलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू हिरमुसला होत गेला.