गुळगुळीत कडेचा डॉलर

तार्हेलियाबाईला चष्म्याशिवाय समोरचं गिऱ्हाईक ओळखू येत नाही, आणि त्या बाईने तेरा नाण्यांतून नेमकं तेच एक उचललं! ओटिलियाला राग आलाच, पण त्याहून नवल जास्त वाटलं.

रिओबांबाच्या बाजारात सगळा व्यवहार डॉलरमध्येच चालायचा, आणि तिथे दोघी समोरासमोर बसायच्या. ओटिलिया भाजलेलं डुक्कर विकायची, तार्हेलिया बटाटे. ओटिलियाची भाची नार्सिसा शनिवारी तार्हेलियाची सून व्हायची होती. लग्नात नवरा नवरीच्या ओंजळीत तेरा नाणी ओततो, आणि ती नाणी आणायचा मान ओटिलियाने हट्टाने मागून घेतला होता. आईविना पोर तिनेच लहानाची मोठी केली होती ना! गल्ल्यातून तिने डॉलरची नाणी वेचली, लिंबू-राख लावून लख्ख घासली आणि मोठ्या हौसेने विहिणीपुढे मांडली.

तार्हेलियाने नाण्यांवरून अंगठा फिरवला आणि एक उचललं. "हे खोटं आहे."

"काहीतरीच काय!"

"कड बघा की! पाठीशी पोर बांधलेल्या बाईचं चित्र असलेलं नाणं कडेला गुळगुळीत असतं, कबूल. पण या म्हाताऱ्याच्या चित्राच्या नाण्याला कडेवर अक्षरं असतात. कुठंयत? खोट्या नाण्यावर संसार उभा करायचा होय? असल्या घरची मुलगी करायची म्हणजे मला फेरविचारच करावा लागेल बाई."

हे सगळं भर बाजारात, मोठ्या आवाजात. शेजारीच उभी असलेली नार्सिसा पांढरीफटक पडली. ओटिलियाने नाणं मुठीत धरलं आणि तडक एफ्राइन घड्याळजीचं दुकान गाठलं. म्हातारा नाण्यांच्या मागे वेडा होता.

"मास्तर, खरं काय ते सांगा. पोरीचं लग्न अडलंय."

एफ्राइनने नाण्याला चुंबक लावलं. चिकटलं नाही. मग काट्यावर टाकलं, भिंग डोळ्याला लावलं, आणि बराच वेळ नुसता हं-हं करत बसला.

"खरं आहे," तो म्हणाला. "कुणी कड कानशीने घासली असती तर वजन कमी भरलं असतं. टांकसाळीत अक्षरं उठवायची राहून गेलीत. शौकीन लोक असलं नाणं शोधत फिरतात. पन्नास-साठ डॉलर कुठे गेले नसते."

"नसते म्हणजे?"

"घासलं कुणी हे?"

"मीच. लग्नासाठी."

"धन्य आहात! घासलेलं नाणं शौकीन माणूस हातात धरत नाही. आणि तुमच्याआधी कुणीतरी याची पुरती वाट लावलीय. चित्रातल्या म्हाताऱ्याच्या हनुवटीखाली बोट लावा."

ओटिलियाने लावलं. खड्डा. खरं की खोटं बघायला बाजारात सुरीचं टोक मारतात, तसा.

"आता हे फक्त एका डॉलरचं," एफ्राइन म्हणाला.

खड्डा बोटाला चांगलाच लागत होता. तो लागायला चष्मा कशाला हवा? परतताना ओटिलिया वाटभर त्यावर अंगठा फिरवत राहिली.

"विहीणबाई," ती बटाट्यांपुढे उभी राहून म्हणाली, "नाणं खरं निघालं. साठ डॉलर आले असते त्याचे. पण कुणा दळभद्र्याने सुरीने टोचून ठेवलंय."

"साठ?" तार्हेलियाच्या हातातला बटाटा सुटला. "तीन पोती झाली की! अरे देवा, आणि मी ते खोटं समजून तुमच्या डुकराच्या मटणाच्या पैशांत खपव—"

तिने तोंडावर हात दाबला, पण शेजारची मकेवाली फिस्सकन हसलीच. मग सगळी ओळ खिदळायला लागली. तार्हेलिया कानापर्यंत लाल झाली.

ओटिलियाच्या जिभेवर शेलक्या शिव्या तयार होत्या. तेवढ्यात तिचं लक्ष नार्सिसाकडे गेलं. पोरगी हसावं की रडावं अशी उभी होती. याच बाईच्या घरात तिला नांदायचं होतं. ओटिलियाने शिव्या गिळल्या आणि नाणं विहिणीच्या तळव्यावर ठेवलं.

"हे तुम्हीच सांभाळा. शनिवारी पोराच्या हातात तुम्हीच द्या. आणि आत्ता, कसं आहे ते सांगा."

तार्हेलियाने खाली बघत खड्ड्यावर अंगठा फिरवला. "खरं आहे," ती पुटपुटली.

"मोठ्याने, विहीणबाई. तुमच्या सुनेला ऐकू गेलं पाहिजे."