पाचव्या डावात सोडलेलं पान

माझी नात ओपल मे महिन्यात पाच वर्षांची झाली आणि आम्हा दोन आजोबांची अक्कल अडीच वर्षांची झाली.

आमच्या लिंकन गावातून उत्तरेला अडीच तास गाडी हाणली की शिकागो, दक्षिणेला दोन तास हाणली की सेंट लुईस. मधल्या मक्यात आम्ही राहतो. गावातल्या प्रत्येक घरात शिकागोच्या कब्सचा एखादा निळा टोपीवाला असतो आणि सेंट लुईसच्या कार्डिनल्सचा एखादा लाल टोपीवाला. दोन्ही संघ बेसबॉलच्या एकाच गटात, त्यामुळे दर मोसमात पुन्हा पुन्हा भिडतात. पोराला पहिली मॅच जो दाखवतो तोच पहिली टोपी घेऊन देतो, आणि ती टोपी जन्माची चिकटते, अशी आमच्याकडची रीत.

माझा व्याही ड्वेन लाल, मी निळा. गावच्या धान्य कोठारावर एकाच वजनकाट्यापाशी आम्ही तीस वर्षं काढली. त्याचा मुलगा माझ्या मुलीला, जनेलला, मागणी घालायला आला, तेव्हा मी त्याला एकच प्रश्न विचारला होता, टोपी कुठली घालतोस? लग्नानंतर वर्षभरात जनेलही लाल झाली. मुलगी गेली याचं मला फारसं वाटलं नाही, ती दोन गल्ल्या सोडून राहते. टोपी गेली त्याचं वाटलं. आता ओपलही तिकडे गेली तर घरात निळा मी एकटाच उरणार होतो, आणि माझ्या जिवाला ते लागलं होतं.

रविवारी चर्चहून आल्यावर जनेलकडे जेवण होतं. ताटं उचलता उचलता तिने फर्मान काढलं.

"जुलैतल्या एका शनिवारची तिकिटं काढायची आहेत. कुठला संघ जास्त दमदार ते तुम्ही दोघं आत्ता ठरवा. ज्याचा ठरेल तो आजोबा ओपलला नेईल. पण आज सोक्षमोक्ष लावा, माझं डोकं उठलंय."

"यात ठरवायचं काय?" ड्वेन म्हणाला. "आमची अकरा विजेतेपदं. यांची तीन. दोन तर मोटारी नव्या होत्या तेव्हाची."

"तिसरं कालपरवाचं आहे!"

"एकशे आठ वर्षांनी मिळालं, लोवेल. तेवढ्या वेळात ओकचं जंगल उभं राहतं."

यावर मी गप्प बसायला हवं होतं. माझे आजोबा आणि वडील दोघंही वाट बघतच गेले. पण गप्प बसणं मला जमलं असतं तर माझं निम्मं आयुष्य सुखाचं झालं असतं.

"जुनी मढी उकरायची नाहीत," जनेल म्हणाली. "दोघांनी स्वतः ऐकलेल्या मॅचचं बोला."

मी याच वाक्याची वाट बघत होतो. उठलो, गाडीतून खोकं आणलं आणि टेबलावर आदळलं. त्यात माझ्या वह्या होत्या. या दोन संघांची प्रत्येक मॅच मी एकतीस वर्षं रेडिओवर ऐकत पेन्सिलीने उतरवलेली, चेंडू न् चेंडू. आदल्या रात्री बसून मी बेरीजही करून ठेवली होती. पुरावा घेऊन जेवायला जाणारा माणूस कसा असतो ते पाहायचं असेल तर मला पाहावं.

"एकशे त्रेचाळीस आमच्या," मी म्हणालो. "एकशे बेचाळीस तुमच्या."

"मान्य," ड्वेन म्हणाला आणि त्याने रुबार्बच्या आंबटगोड पेस्ट्रीचा मोठा तुकडा तोंडात घातला. तो इतक्या लवकर मान्य करतो तेव्हा पळ काढावा, हे मला तीस वर्षांत कळायला हवं होतं.

जनेल वह्या चाळायला लागली. ती शाळेत गणित शिकवते.

"बाबा, ही अर्धवट पानं कसली? मॅच नऊ डावांची, आणि इथे सहाव्या डावानंतर काहीच नाही. इथेही नाही."

"ती अपुरी पानं. ती मोजायची नाहीत, असा नियम आहे."

"आणि या सगळ्या पानांवर तुम्ही आठ-आठ धावांनी मागे आहात, हाही नियमच का?"

ड्वेनला ठसका लागला. "कोठारावर सगळ्यांना ठाऊक होतं गं! कब्स मार खायला लागले की याचा रेडिओ खट्कन बंद. मग आम्हाला म्हणायचा, बॅटरी उतरली. रेडिओ होता भिंतीतल्या विजेच्या बोर्डाला जोडलेला!"

सगळे हसले. मीही हसलो, कारण दुसरा मार्ग नव्हता. जे चिडवणारे पराभव मी पूर्ण ऐकलेच नाहीत ते सगळे वगळूनसुद्धा माझी आघाडी फक्त एका मॅचची होती. लबाडी करूनही माणसाने किती कमी कमवावं!

"आणि हे?" जनेलने एक पान माझ्यासमोर धरलं. "हेही अर्धवटच आहे. पाच डाव. पण याला विजयाची खूण केलीय. हेच तुमचं एकशे त्रेचाळिसावं."

"पाच डाव झाले की सामना ग्राह्य धरतात. नियमच आहे तसा."

"पाऊस आला तर."

"हो."

"त्या दिवशी पाऊस होता?"

"नव्हता," ड्वेन म्हणाला. आता तो हसत नव्हता. "लख्ख ऊन होतं. जनेल, तारीख बघ."

तिने बघितली. जूनमधली होती. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. त्या दुपारी तिचं अपेंडिक्स फुटलं, शाळेच्या उन्हाळी वर्गातून कोठारावर फोन आला, आणि मी पेन्सिल टाकून धावलो. गाडीपाशी ड्वेनने माझ्याकडून किल्ल्या काढून घेतल्या आणि मला इस्पितळात सोडलं. जनेलची आई तेव्हा आयोवाला बहिणीकडे गेली होती. कब्स सहा-एकने पुढे होते.

"पुढे काय झालं?" जनेलने विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी कधी पाहिलंच नाही."

"मला माहीत आहे." ड्वेनने काटा खाली ठेवला. "तू आत गेलास आणि मी गाडीतच थांबलो."

"माझ्यासाठी थांबलास ना?"

"तुझ्यासाठीच. पण रेडिओ लावून. सात-सहाने आम्ही जिंकलो, लोवेल."

हा माणूस माझ्या मुलीच्या लग्नातल्या भाषणात कब्सच्या चुका मोजून दाखवणारा! एवढं मोठं हुकमाचं पान हातात असून अठ्ठावीस वर्षं त्याने ते टाकलं नव्हतं.

"बोलला का नाहीस?"

"तू बाहेर आलास तो रडतच. तेव्हा काय बोलणार? आणि मग राहूनच गेलं."

मग मी जे कधी बायकोलाही सांगितलं नव्हतं ते त्या टेबलावर सांगितलं. ऑपरेशनच्या दाराबाहेर मी देवाशी सौदा केला होता. म्हटलं होतं, आजची मॅच घे, पण पोरगी ठेव. पोरगी राहिली. मग मी घरी येऊन पानावर विजयाची खूण केली, कारण देव काय, एवढ्या कामात एक मॅच विसरलाही असेल. आणि निकाल पाहिला नाही, कारण तो विसरला नसेल अशी भीती होती.

जनेलने डोळे पुसले. मग माझ्याकडे रोखून पाहिलं.

"एकच मॅच, बाबा? माझ्यासाठी अख्खा मोसम नाही?"

"मोसमाचा विचार आला होता गं," मी म्हणालो. "पण आम्ही तेव्हा दुसऱ्या नंबरावर होतो."

ड्वेन टेबलावर डोकं ठेवून हसला. जनेलने मला टॉवेल फेकून मारला आणि मग येऊन गळ्यात पडली. आतल्या खोलीतून ओपलने ओरडून विचारलं, कोण जिंकलं? उत्तर मी द्यायचं होतं.

"सेंट लुईसला जायचंय तुला," मी ओरडलो. "ड्वेन आजोबांबरोबर."

मग खोडरबराने विजयाची खूण पुसली आणि पेन्सिलीला टोक काढलं.

"सांग," मी ड्वेनला म्हणालो. "सहावा डाव."

त्याने सांगितला. एकेक फलंदाज त्याला पाठ होता. सहाव्यात त्यांच्या दोन धावा, सातव्यात एक, आठवा कोरा, नवव्यात तीन. मी एकही चौकोन न गाळता लिहीत गेलो. शेवटी आमची पाळी आली. दोन बाद, तिसऱ्या बेसवर आमचा माणूस, एक धाव झाली की बरोबरी.

"आणि?"

"उभाच राहिला. बॅटसुद्धा हलवली नाही. तिसरा स्ट्राइक, बाद."

असं बाद झालं की चौकोनात इंग्रजी के उलटा काढतात. आमच्या माणसाच्या नावापुढे तो काढताना माझा हात नेहमी चुकतो, वाकडातिकडा येतो. त्या दिवशी जनेल माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होती आणि तिचा श्वास माझ्या कानाला लागत होता. मी तो सावकाश, अगदी सुवाच्य काढला.